अंगण की चढाई

लालबाग
१४ मार्च २०२६

प्रिती,

चाललं! अगं बाई, चाललं!

तुझ्या त्या मालवाहू जहाजाच्या मेलवर नुसती अक्षरं चढतात, फोटो चढत नाही, म्हणून लिहून सांगतेय. नाहीतर आत्ता इथे शिकायला येणाऱ्या रुपालीचं थोबाडच काढून पाठवलं असतं. तू लिहिलं होतंस तसं पेन ड्राइव्हवर लिनक्स घेतलं आणि खिडकीजवळच्या त्या खोकड मशीनवर चढवलं. मग स्टीमचं दुकान उतरवलं, त्यातला तुझा तो प्रोटॉन नावाचा दुभाष्या चालू केला आणि ‘स्ट्रीट इलेव्हन’वर क्लिक केलं. आधी नुसता काळा पडदा. मी म्हटलं, झालं, बोंबला! आणि एकदम भसकन अख्खं स्टेडियम, माणसं, झेंडे, शिट्ट्या! विंडोजसाठी बनवलेला फुटबॉलचा गेम, आणि आपल्या मशीनवर विंडोजचा टिपूस नाही. रुपाली खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली होती.

आता मागचं रामायण ऐक, कारण तुला मी अर्धंच सांगितलं होतं. विंडोज दहा बंद झालं आणि अकरा आपल्या सगळ्या जुन्या मशीनांवर बसत नाही. तेव्हापासून मंडळाच्या कमिटीच्या डोक्यात किडा वळवळत होता. परवा मीटिंगमध्ये बोललेच, की कॉम्प्युटर भंगारात द्या आणि खोलीत गणपतीच्या मखराचे सांगाडे ठेवा. आपली खोली, प्रिती! जिथे तू न मी कबड्डीच्या सरावानंतर गुडघ्याला हळद चोपडून बसायचो, ती. तिथे आज चाळीतल्या पोरी संध्याकाळी शिकतात, खेळतात, मनसोक्त ओरडतात. घरात दहा बाय दहाच्या खोलीत कोण ओरडू देतं गं पोरीला?

माझी सटकली. मी उभी राहिले आणि म्हटलं, “यंदा मे महिन्यातली गेमिंगची स्पर्धा आपलं श्रमसाफल्य मंडळ भरवेल. याच खोलीत, याच मशीनवर. मशीनमुळे एक जरी सामना बंद पडला, तर खोलीची किल्ली मी स्वतः आणून देईन.” आमचा निलेश म्हणाला, घरी नवऱ्याला विचारायचं तरी. मी म्हटलं, सासरी नांदायला आले तेव्हा तरी कुणी विचारलं होतं?

आणि ऐक ना, गंमत. पंच म्हणून आपले शामराव! कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही, पण शिट्टी गळ्यात. म्हणाले, या मंडळाची कुठलीही स्पर्धा कबड्डीच्याच रीतीनं होणार. नाणेफेक जिंकेल त्यानं अंगण घ्यायचं नाहीतर चढाई. अंगण म्हणजे खोलीतली कुठली बाजू, चढाई म्हणजे कुठला गेम. एकानं एक घेतलं की दुसरं समोरच्याचं. गेम जगातला कुठलाही, फक्त ज्याची चढाई त्यानं तो आपल्या डिस्कवर घेऊन यायचा. किती गोड ना? मी लगेच नोटीस छापून लालबाग, परळ, चिंचपोकळी, सगळीकडे वाटली.

तुझ्या कमलाबाई मजेत आहेत. लेकीच्या नावानं बोटं मोडतात, म्हणजे तब्येत ठणठणीत.

तुझी,
दर्शना


जहाजावरून, अरबी समुद्र
२० मार्च २०२६

दर्शना,

स्टेडियम दिसलं हे वाचून मी इंजिन रूममध्ये एकटीच टाळ्या पिटल्या. चीफ इंजिनिअर बघत राहिला. त्याला वाटलं, इलेक्ट्रिकवाली बाई उन्हानं डोक्यातून गेली. माझ्या केबिनमधला हातातला गेमिंग डबाही लिनक्सवरच चालतो. चारेक वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर लोक हसले असते. आता हसत नाहीत, कुठून घेतला विचारतात.

पण बये, तू नोटीस छापण्याआधी मला विचारायचंस!

“जगातला कुठलाही गेम.” हेच तीन शब्द घात करणार आहेत. नीट वाच. घरात एकट्यानं किंवा शेजारी बसून खेळायचे बहुतेक गेम आता लिनक्सवर चालतात, काही तर चांगले पळतात. पण ऑनलाइन गोळीबाराचे जे मोठे गेम असतात, त्यांत कुणी चोरी करू नये म्हणून कंपनी एक पहारेकरी बसवते. तो पहारेकरी विंडोजच्या थेट माजघरात जाऊन बसतो. लिनक्समध्ये काहींचा पहारेकरी ओटीवर बसायला राजी होतो, काहींचा होत नाही. नाही झाला तर गेम दारातच थांबतो. मशीन जुनं असो की कालचं. तुझ्या माझ्या हातात काही नाही, दुभाष्याच्याही नाही.

‘ब्लॅक हार्बर’ हा तसला गेम आहे. मुंबईतली निम्मी पोरं तोच खेळतात. कुणीतरी नाणेफेक जिंकून “चढाई, ब्लॅक हार्बर” म्हणालं की सगळ्यांसमोर तुझा पडदा काळा आणि किल्ली कमिटीच्या हातात.

नियम बदलून घे. शामराव ऐकत नसतील तर या वर्षी स्पर्धा रद्द कर. रागावू नकोस, पण जिंकता येणार नाही तिथे रेषेवरून मागे फिरावं, हे मला चढाई करून करून कळलंय.

जय भीम,
प्रिती


लालबाग
२२ मार्च २०२६

प्रिती,

शामरावांना विचारून आले. ते मिशीतून हसले आणि मालवणीत म्हणाले, “नियम माका नको शिकवू, चेडवा.” संपला विषय.

आणि रद्द कर म्हणतेस? तुला सोपं आहे गं. तू जन्मभर चढाईवाली. हात लावायचा आणि पळत सुटायचं. मी कोपऱ्यात उभी राहणारी. समोरून गाडा आला तरी कोपरा सोडला नाही कधी, दोनदा खांदा निखळला तरी. आता पंचेचाळीस किलोच्या पोरी रोज विचारतात, ताई, खोली राहणार ना? त्यांना काय सांगू, माझी मैत्रीण म्हणाली रेषेवरून मागे फिरा?

तुझं बरोबर असेल. असतंच तुझं बरोबर. पण मला बरोबर नको होतं, सोबत हवी होती.

दर्शना


जहाजावरून, सुएझच्या रांगेत
३ एप्रिल २०२६

दर्शे,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी राग आला. चौथ्या दिवशी डोकं चालायला लागलं, ते इथे उतरवतेय.

आपल्याला नियम बदलायचा नाहीये. आपल्याला फक्त एवढं हवंय, की नाणेफेक जिंकणारा चढाई घेणार नाही. आता आठव. चिंचपोकळीच्या नवगर्जना मंडळाचे दौलत मास्तर. त्यांनी जन्मात कधी टॉस जिंकून चढाई घेतली का? कायम अंगण! सूर्य आपल्या पाठीवर, समोरच्याच्या डोळ्यांत. त्यांचं बघून सगळ्या गिरणगावाला तीच खोड लागली. मग असं अंगण तयार कर, की ते सोडून गेम निवडायची कुणाची छातीच होणार नाही. गेम मग टॉस हरणाऱ्याच्या वाट्याला येईल, पण सगळेच अंगणाच्या नादात असले की ब्लॅक हार्बर डिस्कवर घेऊन येईल कोण?

मे महिना आहे. पत्र्याखालची खोली आहे. एका बाजूला मोठ्ठा पंखा लाव. स्टँडवाला, लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसा, केस उडवणारा. दुसऱ्या बाजूला काही नाही. बस्स. टॉस जिंकणारा घामाघूम माणूस काय मागतो ते तूच सांग.

हे झालं कपट. आता काम. लोक आणतील असा प्रत्येक नेहमीचा गेम प्रत्येक मशीनवर आधी थोडा खेळून ठेव. नवा गेम पहिल्यांदा चालताना अडखळतो, चित्रं तयार करत असतो बिचारा. एकदा तापला की सुरळीत. तव्यावरचं पहिलं घावन मोडतंच, ते पाहुण्याला वाढू नये.

आणि मी पळत नव्हते गं. मला भीती वाटली. ती खोली माझी पण आहे.

प्रिती

पंखा कुठून तरी मिळव. एवढा मोठा कुणाकडे असेल देव जाणे.


लालबाग
५ मे २०२६

माझ्या कपटी मैत्रिणी,

तुझ्या पायाचं तीर्थ पाठव, प्यायला हवं!

पंखा मिळाला. एका सज्जन बाईंनी दिला, नाव सांगायची गरज नाही. असला पंखा की समोरच्याचा भांग बदलतो. डाव्या रांगेला लावला. उजव्या रांगेला भिंतीवरची पाल पण घाम पुसत होती. आणि काय सांगू तुला, पहिल्या दिवसापासून एकच घोषणा: “अंगण!” नाणं जमिनीला टेकायच्या आत, “अंगण!” परळचे आले, अंगण. काळाचौकीचे आले, अंगण. वरळी कोळीवाड्यातली पोरं आली, बोटीवर उन्हात उभी राहणारी, मला वाटलं ही तरी चढाई घेतील. त्यांचा तांडेल, म्हणजे कॅप्टन, पंख्याकडे असा बघत होता, जशी काही सुरमईच ताटात आलीय. अंगण!

मग चढाई दुसऱ्याची. पंख्याचं बघून दोन्हीकडची डोकी अंगणातच अडकलेली, गेमचं कुणाला सुचणार? जो तो आपला फुटबॉल नाहीतर गाड्यांची शर्यत घेऊन आलेला. सगळं लिनक्सवर लोण्यासारखं चाललं. पोरींनी आधी मशीनं तापवली होती, एकदाही अडखळलं नाही. एक परळचा मुलगा विचारत होता, हे कुठलं विंडोज म्हणून. रुपालीनं त्याला असा भाव खाऊन सांगितलं की मला हसू आवरेना. कमिटीतले लोक आता दारात उभं राहून बघतात. त्यांतला एक तर काल शर्यत खेळून गेला, बायकोला सांगू नका म्हणाला.

आणि आपल्या पोरी! रुपाली, शैला, लतिका. पोचल्या गं फायनलला. रविवारी फायनल आहे.

पण समोर नवगर्जना. आणि त्यांचा कॅप्टन हितेंद्र, तो दौलत मास्तरांचा भाचा. त्याला कुणकुण लागलीय. काल मॅच बघायला आला होता, सगळा वेळ पडद्याच्या खालच्या पट्टीवर विंडोजची खूण शोधत होता. जाताना हसून म्हणाला, “दर्शनाताई, रविवारी आम्ही चढाई घेणार हां. ब्लॅक हार्बर आणतोय डिस्कवर.”

हिंमत करून हसले मी पण. घरी येऊन निलेशच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पंखा आहे, दौलत मास्तरांची खोड आहे, तरीसुद्धा भीती वाटतेय. काही युक्ती असेल तर लवकर लिही. मशीन बिघडलं म्हणून दाखवू का त्या दिवशी? लाइट गेली म्हणू?

दर्शना


रॉटरडॅम बंदर
७ मे २०२६

दर्शना,

बंदरात आल्यावर आईला व्हिडिओ फोन लागला. घामानं निथळत होती. म्हटलं, मी पाठवलेल्या पैशांतून घेतलेला पंखा कुठेय? म्हणाली, “स्पर्धेला गेलाय.” सज्जन बाई काय? थांब, येते तिकडे.

आता ऐक. मशीन बिघडवू नकोस. लाइट घालवू नकोस. कपट आपलं पंख्यापर्यंत ठीक होतं, ते खेळात चालतं. खोटं चालत नाही. तू कोपरा धरून उभी राहणारी ना? मग उभी राहा. हितेंद्रनं तो गेम मागितला आणि नाही चालला, तर सगळ्यांसमोर सांग का चालत नाही. जसं आहे तसं सांग, सोप्या भाषेत. आपली माणसं अडाणी नाहीत, त्यांना फक्त कुणी नीट सांगत नाही. लाज मशीनला नाही वाटली पाहिजे, तुलाही नाही.

गेली खोली तर जाऊ दे. ताठ मानेनं जाऊ दे.

मी आहे सोबत. या खेपेला रेषा ओलांडून आलेय.

प्रिती


लालबाग
११ मे २०२६

प्रिती, प्रिती, प्रिती!

आवाज बसलाय म्हणून बरं, नाहीतर इथूनच हाक मारली असती रॉटरडॅमला. क्रमानं सांगते, मध्येच शेवट वाचायला जाऊ नकोस. तुला ती घाण सवय आहे.

रविवारी खोलीत मुंगीला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना पोरं लटकलेली. कमलाबाई पहिल्या रांगेत, स्वतःच्या पंख्याच्या बरोब्बर समोर. मी जाऊन किल्ली पंचांच्या टेबलावर ठेवली.

नाणं उडालं. नवगर्जनाची बाजू आली. दौलत मास्तर अर्धे उठले, छाती फुगवली, पंख्याकडे बघितलं, ‘अं’ म्हणून तोंड उघडलं, आणि हितेंद्रनं चक्क मामाच्या तोंडावर हात ठेवला! आणि ओरडला, “चढाई! ब्लॅक हार्बर!” मास्तर असे बघत होते त्याच्याकडे, जसं काही लग्नातून उपाशी उठवलंय.

डिस्क लावली. क्लिक केलं. पडदा काळा झाला, मग इंग्रजीत एक पाटी आली आणि गेम बंद. परत केलं. परत तेच. हितेंद्र हात बांधून हसत उभा. कमिटीतला एकजण म्हणाला, “चला, मॅडम. बंद पडलं. आम्ही म्हणतच होतो.”

मी उभी राहिले गं. म्हटलं, “मशीन बंद पडलेलं नाही. हा गेम बनवणाऱ्या कंपनीचा एक पहारेकरी असतो. तो म्हणतो, मला तुमच्या कॉम्प्युटरच्या माजघरात बसवा, सगळं मी उघडून बघणार, तरच खेळू देईन. आपल्या लिनक्सवर कंपनीला तसा पहारेकरी बसवायचा नाही, म्हणून ती गेमच चालू देत नाही. हे मला मार्चपासून माहीत होतं. आज तुमच्यासमोर सांगतेय.”

आणि मग तुझी आई! पदर खोचून उठली आणि म्हणाली, “म्हणजे पाहुणा म्हणतोय, आधी कपाटाच्या किल्ल्या द्या, मगच जेवायला बसतो? बसू दे की उपाशी! आपल्या घरी बाकीचे जेवतायत ना?”

अगं, खोली फुटली हसून. गजांवरची पोरं खाली पडायची बाकी. हितेंद्र लाल झाला. ओरडला, “हे चिटिंग आहे! मशीनमुळे सामना बंद पडला. द्या किल्ली!”

शामरावांनी शिट्टी मारली. अशी मारली की कानात दडे बसले. उठले, आणि आपण मैदानात ऐकायचो ना, त्याच आवाजात म्हणाले, “रिकामी चढाई!”

हितेंद्र म्हणाला, म्हणजे काय? शामराव म्हणाले, “मशीन चालू आसा. अंगण जाग्यावर आसा. तुझो गेम दारातच अडाकलो, तेका मी काय करू? गडी आत शिरलो नाय तर गुण नाय मिळत, बाबा. आता चढाई श्रमसाफल्यची. सामना थांबलो की नाय, ता सामना संपल्यावर बघूया.” आणि दौलत मास्तर, प्रिती, स्वतः दौलत मास्तर म्हणाले, “पंचांचं बरोबर आहे. बस खाली, हितू.” तीस वर्षं ज्या माणसाच्या नावानं आपण खडे फोडले, त्यानं हे म्हटलं.

आता चढाई आपली. मी रुपालीच्या कानात सांगितलं, गाड्यांची शर्यत घे. त्यात आपल्या पोरींना मुंबईत तोड नाही. सरळ जिंकून मोकळे होऊ. रुपालीनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, “ताई, शर्यत घेतली तर उद्या चिंचपोकळीत म्हणतील, नियमावर जिंकल्या.” आणि मोठ्यांदा म्हणाली, “स्ट्रीट इलेव्हन!”

मला चक्कर यायची राहिली. स्ट्रीट इलेव्हन म्हणजे नवगर्जनाचा गेम! गेली दोन वर्षं तेच चॅम्पियन आहेत त्यात. हितेंद्रला तर वाटलं ही चेष्टाच करतेय.

तीन गडी, तीन सामने. शैला हरली, तोंड एवढंसं करून आली. लतिका जिंकली, एका गोलानं. मग रुपाली आणि हितेंद्र. अगं, तो खेळतो भारीच, खोटं कशाला बोलू. उजव्या बाजूनं सुसाट येतो, आत वळतो आणि मारतो. दोन मिनिटांत गोल! रुपालीनं फेडला. परत बरोबरी. घड्याळ संपत आलं, आणि हा परत उजवीकडून सुटला. मी रुपालीच्या बचावाच्या खेळाडूकडे बघत होते. तो पुढे गेलाच नाही. नुसता उभा. कोपऱ्यात, गुडघे वाकवून, वाट बघत.

ते मी शिकवलेलं होतं! चढाईवाल्याच्या अंगावर जायचं नाही. त्याला बोनसच्या जादा गुणाचा मोह होऊ द्यायचा. तो पाय पुढे टाकेल, तेव्हाच घोटा धरायचा. हितेंद्रला मोह झाला. एक नखरा जास्त केला त्यानं, लोकांना दाखवायला. रुपालीनं तिथेच बॉल काढला, लांबच लांब पुढे मारला, शैला किंचाळत माझ्यासमोर उडाली म्हणून मला दिसलं पण नाही नीट, आणि जाळं हललं.

गोल! प्रिती, गोल! ज्या खोकडाला भंगारवाला वजनावर नेणार होता, त्याच्यावर! कमलाबाईंनी पंखाच कवटाळला. मी कुणाकुणाला मिठ्या मारल्या आठवत नाही, कमिटीतल्या एकाला मारली हे निलेश सारखा सांगतोय.

शिट्टी झाल्यावर मी टेबलापाशी गेले. किल्ली तिथेच होती. शामरावांनी ती उचलली, कमिटीकडे बघितलं. त्यांनी होकारार्थी मान डोलावली. मग माझ्या हातात देत म्हणाले, “ही अशी टेबलार ठेवू नको. बाहेर खिळ्याक टांग. रोज लागतली.”

टांगलीय. आत्ता इथून दिसतेय.

तुझीच,
दर्शना


रॉटरडॅमहून निघताना
१४ मे २०२६

दर्शे,

मी शेवट आधी वाचला. मग पहिल्यापासून वाचलं. मग जहाजावरच्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, हिंदीत करून करून. चीफ इंजिनिअरनं “रिकामी चढाई” पाठ केलंय. आता वर्कशॉपमध्ये कुणाचा बोल्ट बसला नाही की तो तेच ओरडतो.

मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, की मी तिथे नव्हते. आणि एका गोष्टीचा राग आहे. गेल्या आठवड्यात तुला लिहिलं होतं, गेली खोली तर जाऊ दे. ते खोडून टाक. एका सोळा वर्षांच्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

जूनमध्ये उतरतेय. आईला म्हणावं, पंखा घरी आण.

जय भीम,
प्रिती


लालबाग
१७ मे २०२६

प्रिती,

कमलाबाई पंखा न्यायला तयार नाहीत. म्हणतात, ट्रॉफी काय घरी नेतात का? तर तू येताना दुसरा घेऊन ये.

आणि आज सकाळी काय झालं सांगते. मी खिळ्यावरची किल्ली काढून कुलूप उघडत होते, तर मागून धापा टाकायचा आवाज. वळले. दौलत मास्तर! चिंचपोकळीपासून चालत आलेले, उन्हातून, खांद्यावर त्यांच्या मंडळाचा कॉम्प्युटर. मागे हितेंद्र, दोन्ही काखांत एकेक मशीन, मान खाली.

मास्तरांनी ओझं टेबलावर ठेवलं, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, “आमचेही आता विंडोज घेत नाहीत. कमिटी भंगारात द्या म्हणतेय. तुझं ते घालून दे यात.”

मी रुपालीला हाक मारली. तिनं पेन ड्राइव्ह काढला, हितेंद्रला शेजारची खुर्ची दिली आणि विचारलं, “शिकणार का?” तो बसला. मास्तर मात्र इकडेतिकडे बघत उभेच होते. मी म्हटलं, मास्तर, बसा ना, कुठेही बसा.

“अंगण,” ते म्हणाले, आणि पंख्यासमोर जाऊन बसले.

तुझी,
दर्शना